सुईत दोरा

केशरबाई अकोल्यात ब्लाउज शिवायच्या. शेजारच्या बंगल्यातल्या पाळीव कुत्र्यानं त्यांच्या उजव्या अंगठ्याचा लचका तोडला, तेव्हापासून शिवणकाम बंद होतं. नुकसानभरपाईच्या दाव्यात मालकाचा वकील म्हणाला, "जखम तर भरली. आता सुईत दोरा ओवून दाखवा." सुई हातातून पडू दिली असती, तर दावा तिथंच बळकट झाला असता, हे केशरबाईंना कळत होतं. मागं बसलेली लेकही मनातून तेच म्हणत असावी. पण सुई हाती आल्यावर खोटं हरणं त्यांना जमेना. अंगठा थरथरला, दोऱ्याचं टोक पुन्हा पुन्हा चुकलं, कपाळावर घाम आला. अखेर दोरा ओवला गेला. "पाहा, साहेब," वकील हसला. न्यायाधीशांनी केशरबाईंना विचारलं, "कुत्रं चावण्याआधी किती वेळ लागायचा?" "पयले त मी सुईकडं पायतबी नव्हती, साहेब." न्यायाधीशांनी ते उत्तर तसंच, वऱ्हाडीत, लिहून घेतलं.