पदकामागचं नाव

मचाकोसच्या बाजारात जुनी लष्करी पदकं पारखणारा मुटिंडा सकाळपासून खोटा माल बघून बघून विटला होता. त्यात स्योकाऊ आजीने फडक्यात बांधलेलं पदक पुढे केलं.

"आमच्या घरधन्याचं आहे. विकायचं नाही रे, खरं का खोटं तेवढं सांग. नातवंडं हसतात."

मुटिंडाने पदक उलटं केलं. मागे वेडंवाकडं नाव होतं, मुसेम्बी. त्याने भिंगसुद्धा उचललं नाही.

"खोटं आहे, आजी. ब्रह्मदेशच्या लढाईची पदकं गोऱ्यांनी आपल्याकडच्या काळ्या शिपायांना कोरीच वाटली. नाव दिसलं, की आम्ही बाजूला टाकतो."

"कोरंच आलं होतं, बाबा," आजी म्हणाली. "आणि तेवढंच आलं, घरधनी नाही. त्यांचं नाव मी लोहाराकडून ठोकून घेतलं."