समोरासमोरच्या जागा

"बाबा, सुट्टीत समुद्रकिनाऱ्यावरून पुढे डोंगरावर जायला विमानाला तासभर लागतो. रेल्वेला अख्खा दिवस," सून मोबाइलवर तिकिटं बघत म्हणाली.

"रेल्वेचंच काढ. खिडकीजवळच्या, समोरासमोरच्या जागा," सासऱ्यांनी शिलाई मशीन चालवता चालवता सांगितलं.

"ह्यांचं काहीतरीच! सुट्टी काय डब्यात बसून घालवायची?" सासूबाई करवादल्या.

सुनेने दुकानात नजर फिरवली. उजेडासाठी सासऱ्यांचं मशीन खिडकीकडे, गिऱ्हाइकासाठी सासूबाईंचं दाराकडे. लग्नापासून दोघं असेच एकमेकांकडे पाठ करून शिवत आणि भांडत आले होते.

"दिवसभर तुझं तोंड तरी दिसेल म्हटलं," सासरे मान न वळवता पुटपुटले.

सासूबाईंचं मशीन थांबलं. त्यांनी दाताने दोरा तोडला.

"काय गं, याहून हळू जाणारी गाडी नाही का?"