खोलीतला वास

ताऱ्यांमधल्या वायूच्या ढगांत ॲसिटोनचे रेणू शोधण्यात माझी बावीस वर्षं गेली. दुर्बिणीकडून आलेख यायचा होता, म्हणून ग्वाल्हेरला दाना ओली मोहल्ल्यातल्या घरी बाबांच्या उशाशी बसूनही मी सारखी फोन बघत होते. बाबांना सकाळपासून उलट्या होत होत्या; खोलीत गोडसर, उग्र वास कोंडला होता. “गरिमा, नेलपॉलिश बाहेर जाऊन पूस,” मी भाचीवर खेकसले. “आत्या, रिमूव्हरची शीशी तर मी खोललीच नाहीये.” मी खिडकी उघडली आणि पुन्हा फोन घेतला. संध्याकाळी बाबा हाकेला ओ देईनात, तेव्हा दवाखान्यात नेलं. डॉक्टर त्यांच्या तोंडाशी वाकले. “श्वासाला ॲसिटोनचा वास येतोय. शुगर फार वाढलीये. सकाळी आणायला हवं होतं. घरात कुणालाच वास आला नाही?” गरिमानं माझ्याकडे पाहिलं. हातातला फोन वाजला. “आला होता,” मी म्हणाले. “मी खिडकी उघडली.”