यंदा नको

क्लेटस हॉफनं दार उघडलं, पण लॉइडला आत ये म्हणाला नाही. दारातच उभा राहिला.

लॉइडनं टोपी काढली आणि हातातली पुडी पुढं केली. गेल्या हंगामातल्या हरणाचे सॉसेज होते, क्लेटसच्याच रानातल्या हरणाचे. आमच्याकडची रीतच आहे ती. चाळीस वर्षांची ओळख असो नाहीतर घरोबा असो, दरवर्षी हंगामाआधी दार ठोठावायचं आणि तुमच्या रानात शिकार करू का, असं तोंडानं विचारायचं. मालक हो म्हणतो, मग थंडीबद्दल चार शब्द होतात आणि माणूस आपल्या वाटेला लागतो.

"यंदा नको, लॉइड," क्लेटस म्हणाला.

लॉइडला वाटलं थट्टा करतोय. तो हसलासुद्धा. क्लेटस मात्र हसला नाही. गाई गाभण आहेत, बंदुकीच्या बारानं बिथरतात, असं काहीतरी पुटपुटला. आता क्लेटसच्या गाई काय यंदा पहिल्यांदा गाभण राहिल्या होत्या? पण मालकाशी हुज्जत घालायची नसते, हीसुद्धा रीतच.

"माझ्यासाठी नाही मागत," लॉइड म्हणाला. "बाबांसाठी. एकच दिवस."

"ठाऊक आहे मला," क्लेटस म्हणाला. त्यानं पुडी लॉइडच्या हातात परत ठेवली आणि दार लावून घेतलं.

नकार दिला तरी पुडी कुणी परत करत नाही. लॉइडच्या ते फार जिव्हारी लागलं.

त्याचे वडील ऑर्विल एक्क्याऐंशीचे होते. पोटातल्या दुखण्यामुळे डॉक्टरांनी त्यांना नाताळापर्यंतची मुदत दिली होती, आणि हरणांचा हंगाम नोव्हेंबरअखेरचे नऊ दिवस. लॉइड बारा वर्षांचा असताना म्हाताऱ्यानं त्याला पहिल्यांदा शेजारी बसवून रान दाखवलं होतं. आता लॉइडला एकदाच, शेवटचं, त्यांच्या शेजारी बसायचं होतं. बायको कधीच सोडून गेली होती, मूलबाळ नव्हतं. बापाला देण्यासारखं त्याच्याकडे दुसरं काही उरलं नव्हतं. सरकारी जंगल होतं, पण तिथं दोन मैल चढ चढावा लागायचा. गाडी थेट कडेला नेता येईल असं कुणाचं तरी रानच हवं होतं.

संध्याकाळी म्हाताऱ्यानं विचारलं, "काय म्हणाला क्लेटस?"

लॉइडनं सांगितलं. म्हाताऱ्यानं क्लेटसच्या सात पिढ्यांचा उद्धार केला आणि मग म्हणाला, पलीकडच्या शेतातल्या विर्जिलला विचारून बघ.

विर्जिलनं रान शहरातल्या लोकांना हंगामापुरतं भाड्यानं दिलंय असं सांगितलं. सांगताना तो लॉइडच्या बुटांकडे बघत होता. ड्वोराक भावांपैकी थोरला नाही म्हणाला आणि धाकटा लॉइडची गाडी दिसताच गोठ्यात शिरला. आणखी दोन शेतं, आणखी दोन नकार. लॉइडनं आठवून आठवून डोकं शिणवलं. आपल्या हातून कुणाचं फाटक उघडं राहिलं होतं? कुणाच्या मयताला जायचं राहिलं होतं? एके दिवशी तो रस्त्याच्या कडेला गाडी थांबवून पोरासारखा रडला. मरायला टेकलेल्या माणसाची लोकांना इतकी शिसारी येते, हे त्याला ठाऊक नव्हतं.

म्हातारा रोज विचारायचा, रोज शिव्या द्यायचा आणि रोज नवं नाव सुचवायचा. जेवण मात्र दोन घासांवर आलं होतं.

हंगामाच्या आदल्या दिवशी तो म्हणाला, "मार्लिसकडे जा, पोरा. तिनं नाही म्हटलं तर सोड नाद."

मार्लिस विधवा होती, पंचाहत्तरीची, दोनशे एकरांची मालकीण. तिनं लॉइडला आत घेतलं, कॉफी दिली, वर ॲपल पायचा तुकडा दिला. मग म्हणाली, यंदा नको.

लॉइडनं काटा खाली ठेवला. अर्धा दिवस चालेल म्हणाला. एक तास चालेल म्हणाला. हरीण दिसलं नाही तरी चालेल, मी नुसता त्यांच्या बाजूला बसेन. बोलता बोलता त्याचा आवाज फाटला.

"आम्ही असं काय वाकडं केलंय तुमचं? तो माणूस मरतोय, मार्लिस."

मार्लिसनं त्याच्यासमोरची खुर्ची ओढली.

"मी शब्द दिला होता," ती म्हणाली. "पण हे मला बघवत नाही. ऑर्विल ऑगस्टमध्ये इथं आला होता. एकेका घरी गेला, टोपी हातात घेऊन. म्हणाला, माझा लॉइड विचारायला येईल. त्याला नाही म्हणा."

लॉइडनं कॉफीचा कप बाजूला सारला. मग तो हळू म्हणाला, "त्यांनी मलाच सांगायचं होतं, जमत नाही म्हणून. रोज मला दारोदार कशाला पाठवतात?"

"मीही तेच म्हटलं. तर म्हणाला, मी नाही म्हटलं तर तो कारण विचारील, आणि माझ्याच्यानं त्याच्याशी खोटं बोलवत नाही."

"कारण काय?"

मार्लिसनं त्याचा हात धरला. "तू आसपास असताना त्याला पुन्हा बंदूक हातात धरायची नाही. गेल्या वर्षी हंगामाच्या शेवटच्या दिवशी तू झुडपं हलवत त्याच्या दिशेनं हरणं हाकत येत होतास. शिकाऱ्यांचं भडक नारिंगी जाकीट होतं तुझ्या अंगावर. तरी त्याला तू हरीण दिसलास. त्यानं तुझ्या छातीवर नेम धरला, लॉइड, आणि चाप ओढला. गोळी भरायची राहून गेली होती."