सपाट काच

बोरीचे व्यंकटराव आपल्या महागड्या एसयूव्हीचं नवं मॉडेल यायची वर्षभर वाट बघत होते. शोरूमच्या सेल्समनला फोन लावून दर वेळी एकच विचारायचे, "बटनं तर काढणार न्हाईत ना?" त्या बटनांचं एवढं काय घेऊन बसलेत, हे त्यांच्या बायकोला, पार्वतीबाईंना काही उमगत नव्हतं.

गाडी आल्याचं कळलं तसे दोघं नांदेडला गेले. व्यंकटराव नव्या गाडीत बसले आणि समोरच्या गुळगुळीत काचेवरून त्यांचा तळवा फिरतच राहिला.

"काका, आता सगळं स्क्रीनवर. नुसतं बघायचं अन् बोट लावायचं," सेल्समन म्हणाला.

व्यंकटराव खाली उतरले. "आमची जुनीच बरी हाय."

परतीच्या वाटेवर जुनी गाडी व्यंकटरावच चालवत होते. झरी गाव मागं पडलं. पुढं उसानं भरलेली ट्रॉली रस्त्यातच बंद पडून उभी होती आणि यांच्या गाडीचा वेग काही कमी होईना.

"अवं, थांबा. थांबा म्हणते ना," म्हणत पार्वतीबाईंनी स्टेअरिंग स्वतःकडं ओढलं. व्यंकटरावांनी करकचून ब्रेक दाबला. गाडी कडेच्या मुरमात उतरली आणि कशीबशी थांबली. ट्रॉलीतला ऊस व्यंकटरावांच्या खिडकीला येऊन टेकला होता.





व्यंकटरावांनी त्याच खिडकीकडं तोंड वळवलं आणि हळूच विचारलं, "काय होतं गं मधी?"