मधातला छर्रा

बाबांनी प्रयोगशाळेत हयातभर एकच गोष्ट मोजली: मधाच्या नळीत सोडलेला पोलादी छर्रा तळाशी जायला किती वेळ घेतो. मध जितका थंड, तितका वेळ जास्त. ते गेल्यावर त्यांच्या वहीवरून मी वाद्यवृंदासाठी एक रचना लिहिली. तिचा शेवटचा स्वर त्यांच्या सर्वांत थंड नोंदीइतका, एकशे चाळीस सेकंदांचा होता.

तालमीत संचालक हसले. "अहो ताई, एवढा स्वर धरून माझे फुंकणारे आडवे होतील. चाळीस सेकंद पुरेत. श्रोते काय घड्याळ लावून बसणार आहेत?"

"बाबा बसले होते," मी म्हणाले. "एक सेकंदही कमी होणार नाही."

म्हातारा क्लॅरिनेटवाला मध्ये पडला. "पाळीपाळीने श्वास घेऊ की! पुढच्याने स्वर उचलल्याशिवाय आधीच्याने सोडायचा नाही, एवढंच."

पहिल्या खेपेला नव्वदाव्या सेकंदाला स्वर क्षणभर तुटला.

"एवढ्याशा फटीने काय बिघडतंय? कुणाला कळणारही नाही," संचालक म्हणाले.

मी म्हणाले, "पुन्हा." असं सहा वेळा म्हणाले. सातव्या खेपेला स्वर शेवटपर्यंत अखंड गेला.

इस्पितळात आम्ही दोघी बहिणीही बाबांजवळ पाळीपाळीनेच बसायचो. शेवटच्या दिवशी धाकटीचा फोन आला की ती जिना चढतेय, म्हणून मी उठले. बाबा गेले तेव्हा आम्ही दोघी जिन्यात होतो.