तेरावं पान

निळं पुस्तक स्टँडवर उघडं ठेवलं की उघडं राहतं. लाल आपोआप मिटतं.

पियानोची पट्टी दाबली की आत एक हातोडी तारेवर आपटते. हातोडीचं टोक मऊ फेल्टचं, म्हणजे दाबलेल्या लोकरीचं असतं. तार लागून लागून त्यावर चर पडतात.

एका घरात पियानोवर इस्त्रीचे कपडे ठेवतात.

सहा वर्षांची एक मुलगी पियानोखाली जाऊन बसली होती आणि काही केल्या बाहेर येत नव्हती.

मांजर पट्ट्यांवरून चालत गेली तरी काहीतरी वाजतं. मास्तरांना तेवढंही येत नव्हतं.

"झालं, ताई," मास्तर म्हणाले आणि किल्ली पिशवीत टाकली.

मास्तर कसले! घरोघर जाऊन पियानोचे सूर लावणारा माणूस. कुणीतरी कधीतरी मास्तर म्हटलं, त्यांनी चूक दुरुस्त केली नाही, आणि बघता बघता तीस वर्षं गेली. आता लोक त्यांना शिकवणीच्या पुस्तकांचंही विचारत. तेही सांगत. दर हाकेला चपलेत खडा गेल्यासारखं होई. पण खडा काढायचा तर चारचौघांत चप्पल काढावी लागते.

या घरी ते पहिल्यांदाच आले होते. ताई साठीच्या पुढच्या, ताठ बसणाऱ्या. शेजारी तिपाईवर दोन पुस्तकं, लाल आणि निळं.

"नातवंडांना घरीच शिकवायचंय," ताई म्हणाल्या. "एक सहाचा, एक आठाची. सूनबाईंनी ही दोन आणलीत. म्हणाल्या, सूर लावणाऱ्या मास्तरांना विचारा, ते सगळीकडे निळंच सांगतात."

"हो. निळंच घ्या."

"का?"

असं कुणी विचारत नसे.

"सोपं आहे," मास्तर म्हणाले.

"लालही सोपंच आहे." ताईंनी लाल पुस्तक स्टँडवर ठेवलं आणि पान मिटू नये म्हणून बोटानं दाबून धरलं. "दोन्हींतला पहिला धडा वाजवून दाखवा. माझी बोटं आता वळत नाहीत."

"आत्ताच सूर लावलेत, ताई. तारांना एक दिवस बसू द्यावं."

हे वाक्य त्यांनी इतक्या घरांत म्हटलं होतं की काही घरांत मुलांना खरोखर दिवसभर पियानोला हात लावू देत नसत.

"तारांना बसू द्यावं?" ताई म्हणाल्या. "तारा काय पाहुण्या आहेत?"

मास्तरांनी पानाकडे पाहिलं. पाच रेघा, त्यावर काळे ठिपके. मुंग्या असत्या तर निदान हलल्या असत्या. इथून ही गोष्ट सूनबाईंकडे जाणार, तिथून शेजारी, मग घरोघरी.

"ताई, मला वाजवता येत नाही."

"म्हणजे? हा धडा?"

"काहीच. एक ओळसुद्धा नाही."

ताईंनी त्यांच्याकडे नीट पाहिलं. "म्हणजे आचाऱ्याला चवच नाही म्हणा की!"

"चव आहे हो. हात नाही."

त्या हसल्या नाहीत. "मग घरोघर निळं सांगता ते कशाच्या जोरावर?"

आता लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं. मास्तरांनी पियानोची पुढची फळी काढली. आत हातोड्यांची लांबलचक रांग होती.

"इथे बघा. तुमच्याकडे या टोकापासून त्या टोकापर्यंत सगळ्या झिजल्यात. इथे कुणीतरी खरंच वाजवलंय." ते मान खाली घालूनच बोलत होते. "लाल पुस्तकाच्या घरांत असं नसतं. मधल्या नऊ पट्ट्यांच्या हातोड्यांना खोल चर, आणि बाकीच्या सगळ्या कोऱ्या करकरीत, कारखान्यातून आल्यासारख्या. मग वर कपडे ठेवायला लागतात. निळ्याच्या घरांत झीज दरवर्षी दोन्हीकडे पसरत जाते. मला धडे वाचता येत नाहीत, ताई. हातोड्या वाचता येतात."

"लालची किती घरं?"

"एकवीस."

"मुलं आळशी असतील."

"एका घरातली असतील. एकवीस घरांतली?"

ताई म्हणाल्या, "थांबतात कुठे?"

"बाराव्या पानापर्यंत कडा मळलेल्या असतात. तेराव्यापासून पांढऱ्या. एका घरात एक चिमुरडी रडत पियानोखाली जाऊन बसली होती. तिच्या आईनं मला ते पान बोटं ठेवून दाखवलं. डाव्या हाताचा अंगठा करंगळीच्याही पलीकडे न्यायचा! मोठ्यांचा जात नाही, तिचा कुठून जाणार? पोरगी आईला विचारत होती, माझा हात वाईट आहे का?"

ताईंनी आपला डावा हात मांडीवर उलटा केला आणि पाहिला.

"लिहिणाऱ्यानं एकदा वाजवून तरी बघायचं," मास्तर म्हणाले. आपली चूक झाकायला आपण दुसऱ्याची काढतोय, असं वाटून ते थांबले.

ताईंनी बोट उचललं. लाल पुस्तक मिटलं. त्यांनी फोन लावला.

"सूनबाई, निळं ठेवतेय."

पलीकडचा आवाज मास्तरांनाही ऐकू आला. "पण आई, मुलं तर लालच मागतायत, आजीचं म्हणून..."

"निळं म्हटलं ना!" त्यांनी फोन ठेवला.

मास्तरांनी फळी बसवली. आजीचं म्हणजे आजीच्या आवडीचं, एवढं त्यांनी समजून घेतलं. दारात ते घुटमळले.

"ताई, मला वाजवता येत नाही हे तेवढं..."

"नाही सांगणार कुणाला. तुम्हीही सांगू नका."

"मी काय?"

"ती एकवीस घरं."

मास्तरांनी मान हलवली. आपली लाज राखणारी बाई भेटली, म्हणून त्यांनी जिना उतरता उतरता दोनदा मागे वळून नमस्कार केला.

ताईंनी लाल पुस्तक लिहिलं, तेव्हा त्यांच्याकडे पियानो नव्हता.